गाणं आधी, मग चित्र: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात म्युझिक व्हिडिओ करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रश्न पाठवायला सांगितलं होतं. आलेली बहुतेक पत्रं गावातून, मोबाइलवर शूट करणाऱ्यांची आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

कॉलेजच्या गॅदरिंगसाठी चार मिनिटांचं गाणं मोबाइलवर एकाच टेकमध्ये शूट केलं. धृपदाला ओठ जुळतात, तिसऱ्या कडव्याला मात्र तोंड आणि गाणं वेगळं होतं. क्लिप सरकवून शेवट जुळवला की सुरुवात बिघडते. चूक गाणाऱ्याची की मोबाइलची? (दर्यापूर, जि. अमरावती)

मोबाइलची. ओठ न जुळण्याचे दोन प्रकार असतात आणि त्यांचे इलाजही वेगळे. पहिल्यापासून शेवटपर्यंत फरक सारखाच असेल तर क्लिप दोन-तीन फ्रेम (व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रं) सरकवली की काम झालं. तुमच्यासारखा हळूहळू वाढणारा फरक सरकवून जात नाही. उजेड कमी झाला की मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला ३० ऐवजी २८, २६ अशा फ्रेम घ्यायला लागतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र त्या ३० आहेत असंच धरून चालतं, आणि चार मिनिटांत हा फरक साचत जातो. मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्लिप उघडा. 'फ्रेम रेट मोड' समोर 'व्हेरिएबल' दिसलं की दुखणं सापडलं. मग हँडब्रेक या व्हिडिओ फाइल बदलणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल नव्याने काढा. शूट ३० ला केलं असेल तर इथेही ३० च ठेवा, २५ करू नका.

पुढच्या वेळी ही वेळच येऊ देऊ नका. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप घ्या. त्यात फ्रेम रेट, शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ मिळतो ते), आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) चारही बांधून ठेवा. मोबाइलमध्ये २५ मिळत असेल तर २५ घ्या. प्रोजेक्टचा फ्रेम रेट पहिली क्लिप आत टाकायच्या आधी ठरवा, कारण दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टची ही सेटिंग नंतर बदलत नाही.

प्लेबॅकची फाइल वेगळी तयार करावी लागते. गाण्याचं अंतिम मिक्सिंग झाल्यावर ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल काढा. सेटवर तीच वाजवा आणि एडिटिंगच्या टाइमलाइनवरही तीच ठेवा. संगीतकाराने शूटनंतर मिक्स बदलून दोन मात्रांचा तुकडा कापला, की तिथून पुढचे सगळे ओठ चुकतात. गाण्याच्या आधी एक टोकदार 'पिप' आणि त्याच लयीत चार ठोके घाला. गाणाऱ्याला उचल मिळते आणि एडिटिंगमध्ये जुळवायला खूणही मिळते. प्रत्येक टेकच्या आधी कॅमेऱ्यासमोर 'कडवं दोन, टेक तीन' असं मोठ्याने बोला.

वावरात (शेतात) आणखी एक भानगड असते, ती अंतराची. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबाने दर १४ मीटरला एक फ्रेम. स्पीकर कॅमेऱ्यापाशी आणि गाणारा ४० मीटर लांब धुऱ्यावर (बांधावर) उभा असेल, तर त्याला गाणं तीन फ्रेम उशिरा ऐकू येतं आणि ओठ तेवढेच मागे पडतात. तीन फ्रेमचा फरक डोळ्याला दिसतो. म्हणून स्पीकर गाणाऱ्याच्या पायापाशी, पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) आड ठेवा. आता कॅमेऱ्याचा माइक उशिरा ऐकेल. त्यामुळे आवाजावरून जुळवलेली क्लिप तीन फ्रेम उजवीकडे, म्हणजे उशिराच्या बाजूला सरकवा. ब्लूटूथ स्पीकर मागे पडतो म्हणून घाबरू नका. गाणारा जे ऐकतो त्यावर गातो आणि कॅमेराही तेच ऐकतो.

म्युझिक व्हिडिओ १९८१ साली एमटीव्हीने सुरू केला असं आम्हाला शिकवलं. ते खरं का? त्याआधी काहीच नव्हतं? (गडचिरोली)

एमटीव्ही हे गाण्यांचं टीव्ही चॅनेल १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत सुरू झालं हे खरं. पण त्या दिवशी दाखवायला व्हिडिओ तयार होते, म्हणजे ते करणारे लोक आधीपासूनच होते.

१९४० ते १९४७ या काळात अमेरिकेत 'साउंडीज' नावाच्या सुमारे तीन मिनिटांच्या गाण्याच्या फिल्म निघत. हॉटेलांत आणि दारूच्या गुत्त्यांत पॅनोरम नावाची कपाटाएवढी यंत्रं असत. त्यात १६ मिलिमीटरच्या एका रिळावर आठ गाणी जोडलेली असत. दहा सेंटचं नाणं टाकलं की पुढचं गाणं लागे, आपल्या आवडीचं निवडता येत नसे. १९६० साली फ्रान्समध्ये स्कोपिटोन आलं, त्यात रंगीत फिल्म होती आणि ३६ मधून गाणं निवडता येई. १९६५ च्या अखेरीपासून बीटल्स या बँडने स्वतः जाण्याऐवजी टीव्ही कार्यक्रमांना फिल्म पाठवायला सुरुवात केली. १९७५ च्या नोव्हेंबरात क्वीन या बँडने 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' चा व्हिडिओ लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत सुमारे चार तासांत व्हिडिओटेपवर उरकला. त्यातले एकाचे अनेक होणारे चेहरे कॅमेऱ्यापुढे बहुपैलू काच धरून आणि कॅमेरा त्याच्याच मॉनिटरकडे वळवून मिळवलेले आहेत. सगळं जागच्या जागी, कॅमेऱ्यातच. कमी साधनांत काम करणाऱ्यांनी हा व्हिडिओ फ्रेम-फ्रेम थांबवून पाहावा. त्याच्या उलट टोकाला आ-हा या बँडचा १९८५ चा 'टेक ऑन मी'. त्यात सुमारे ३००० फ्रेम हाताने रेखाटल्या आणि त्याला १६ आठवडे लागले.

पण आपल्या विद्यार्थ्यांना आपल्याकडचा इतिहास जास्त उपयोगाचा आहे असं आम्हाला वाटतं. १९३१ च्या 'आलम आरा' मध्ये आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' मध्ये गाणी कॅमेऱ्यासमोरच गायली गेली. प्रभातच्या या पहिल्या मराठी बोलपटात गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे स्वतः गायले. त्या काळी वाजवणारे चौकटीबाहेर, कधी सेटवरच्या सामानाआड बसत. नट माइकपासून लांब गेला की आवाज पडे, म्हणून गाण्यात हालचाल कमी. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांच्या 'धूप छाँव' आणि त्याच्या बंगाली आवृत्तीत गाणं आधी ध्वनिमुद्रित करून सेटवर वाजवायची रीत आली. तिथून कॅमेरा आणि नट दोघांचेही पाय मोकळे झाले. आज तुम्ही धुऱ्यावर स्पीकर ठेवून करता ती हीच रीत आहे, आणि एमटीव्ही यायच्या आधी ती आपल्याकडे ४६ वर्षं चालत होती. मुंबई दूरदर्शनच्या छायागीतात घरोघरी पाहिलेली गाणी याच रीतीने घडलेली. म्हणून जुन्या चित्रपटगीतांचं चित्रीकरण पाहताना कॅमेरा कोणत्या शब्दावर हलतो हे लिहून काढा. चांगला अभ्यास होतो.

बंडीत (बैलगाडीत) उभं राहून गाणाऱ्याचा स्लो मोशन शॉट हवा आहे, पण ओठ गाण्याशी जुळले पाहिजेत. स्लो केलं की ओठही स्लो होतात. (घाटंजी, जि. यवतमाळ)

कॅमेरा जितक्या पटीने जलद, गाणंही तितक्याच पटीने जलद वाजवायचं. टाइमलाइन २५ ची आणि शूट ५० ला असेल तर गाणं दुप्पट वेगाने लावा. गाणारा दुप्पट वेगाने ओठ हलवेल. क्लिप २५ वर आली की ओठ मूळ लयीत येतात, आणि बंडीची धूळ, उपरण्याचं टोक, बैलांच्या माना अर्ध्या वेगाने हलतात.

ऑडॅसिटी या आवाजाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'चेंज टेम्पो' वापरून १०० टक्के वाढ द्या, म्हणजे वेग वाढतो आणि पट्टी तीच राहते. वेग आणि पट्टी दोन्ही वाढवणारा पर्याय घेतला तर आवाज चिरका होतो आणि गाणाऱ्याला शब्द ओळखू येत नाहीत. शूट ६० ला असेल तर पट २.४ होते, म्हणजे वाढ १४० टक्के. इथेच बहुतेकांचं चुकतं. ६० ला शूट करून सवयीने दुप्पटच गाणं लावतात.

दुप्पट वेगात द्रुत गाण्याचे शब्द तोंडात मावत नाहीत. म्हणून ही युक्ती विलंबित गाण्याला, आणि त्यातही दोन ओळींपुरती ठेवा. आम्हाला विचाराल तर ३० ला शूट करून २५ च्या टाइमलाइनवर आणणं, म्हणजे गाणं फक्त २० टक्के जलद, हे गावाकडच्या चालीला जास्त शोभतं. चालण्यात किंचित तरंगल्याचा भास येतो, पण स्लो मोशन लावलंय असं कुणाच्या लक्षात येत नाही. ५० ला शटर १/१०० लागतं, तेव्हा २५ च्या दुप्पट उजेड हवा. मोबाइलचं २४० फ्रेमचं स्लो मोशन गाणाऱ्या तोंडासाठी निरुपयोगी आहे. ते नाचणाऱ्या पायांसाठी राखून ठेवा.

बैलांच्या कानाशी स्पीकर लावू नका, बुजतात. स्पीकर बंडीच्या मागच्या टोकाला, आवाज कमी, आणि पहिल्या टेकच्या आधी चार-पाच मिनिटं नुसताच वाजू द्या.

फुटलेल्या कापसात शूट केलं तर मागचं सगळं पांढरंफटक होतं आणि चेहरा काळा पडतो. उन्हाळ्यात तर मोबाइलच बंद पडतो. (वणी, जि. यवतमाळ)

पांढरा कापूस आणि सावळा चेहरा यांच्या उजेडात दुपारी इतका फरक असतो की मोबाइलचा सेन्सर दोन्ही एकदम धरू शकत नाही. ऑटोवर सोडलं की तो कापूस पाहून चित्र दाबतो आणि चेहरा जातो. वेळ बदला. पहिली किंवा दुसरी वेचणी व्हायच्या आदल्या एक-दोन दिवसांत, शेतकऱ्याला विचारून, सकाळी ऊन तिरपं असेपर्यंतच शूट करा. सूर्य गाणाऱ्याच्या पाठीशी घ्या. समोरून पाच-सहा फुटांवर चार बाय चारची थर्माकोलची शीट धरा. शीट छातीच्या उंचीवर आणि किंचित वर वळवलेली हवी. खाली जमिनीवर टाकली तर हनुवटीखालून उजेड येतो आणि चेहरा भुतासारखा दिसतो. एक्स्पोजर गालावर बांधा. अ‍ॅपमधली झेब्रा रेघ (फार उजळ भागावर दिसणाऱ्या तिरप्या रेघा) ९५ वर ठेवा. मागच्या बोंडांवर रेघा आल्या तर चालतील, कपाळावर येता कामा नयेत. गाणाऱ्याला पांढरा शुभ्र सदरा नको. मळकट पांढरा, हळदी किंवा विटकरी घाला. काळ्यावर कापसाचे तंतू चिकटून क्लोजअपमध्ये दिसतात.

पऱ्हाटी तीन-चार फूट उंच असते. कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्याइतका उंच ठेवला तर वावर सपाट दिसतं. तो तीन फुटांवर आणा आणि तासाच्या दिशेने, म्हणजे दोन ओळींमधून पाहू द्या. पांढऱ्या रेषा लांब जाऊन मिळतात आणि गाणारा त्यांच्या मधोमध येतो. धावायचं दृश्य असेल तर उभ्या पिकात नको, पऱ्हाटी उपटायला झालेल्या वावरात घ्या. कुणाच्या वर्षभराच्या मेहनतीवर पाय पडता कामा नये.

उन्हाळ्याचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ५ नंतर, एवढंच. मोबाइल तापला की आधी स्क्रीन मंद होते, मग फ्रेम गळतात, मग रेकॉर्डिंग थांबतं. मधली पायरी सगळ्यात वाईट, कारण ती दिसत नाही आणि ओठ बिघडवते. कव्हर काढा, फ्लाइट मोड लावा, चार्जिंग लावून शूट करू नका आणि वर छत्री धरा. तापलेला मोबाइल बर्फावर किंवा फ्रीजमध्ये ठेवू नका, भिंगाच्या आत दव धरतं. जागा आधीच मोजून ठेवा. ४के ला ५० मेगाबिटच्या हिशेबाने मिनिटाला ३७५ एमबी जातात, म्हणजे ६४ जीबीत जेमतेम पावणेतीन तास.

कट प्रत्येक ठोक्यावरच द्यायचा का? (वरोरा, जि. चंद्रपूर)

नाही. दहा कट ठोक्यावर पडले की अकरावा कुठे पडणार हे बघणाऱ्याला कळतं आणि त्याचं लक्ष उडतं. ठोक्यावर कट येण्यापेक्षा हालचाल येऊ द्या. पाय जमिनीवर पडणं, डफावर थाप, मान वळणं ही ठोक्यावर, आणि कट त्याच्या आधी किंवा नंतर. कट ठोक्यावरच हवा असेल तर एक-दोन फ्रेम आधी द्या, नवं चित्र डोळ्यात बसायला तेवढा वेळ लागतो.

हिशेब असा: ६० गुणिले फ्रेम रेट, भागिले मिनिटातले ठोके. २५ ला १०० ठोक्यांचं गाणं म्हणजे दर १५ फ्रेमला एक ठोका. १२० चं असेल तर साडेबारा येतात, म्हणून आळीपाळीने १२ आणि १३ घ्या. पण हे क्लिकवर, म्हणजे यंत्राच्या ठराविक ठोक्यावर, ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यापुरतं. भजन किंवा खडीगंमत (विदर्भातला लोकनाट्याचा प्रकार) शेवटाकडे चढत जाते, तिथे हा हिशेब चालत नाही. गाणं चालू करून ठोक्यागणिक एम दाबत मार्कर टाका.

झाडीपट्टीच्या नाटकाच्या मंडपात रात्री शूट केलं. पडद्यावर काळे आडवे पट्टे सरकताना दिसतात. (वडसा, जि. गडचिरोली)

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातील. मोबाइलने आपोआप १/६० किंवा १/१२० घेतलं, तर पट्टे येतात.

जनरेटरवर हा नियमही डळमळतो. लोड वाढला की जनरेटरची गती उतरते, ५० चे ४८ होतात आणि पट्टे हळूहळू सरकू लागतात. तेव्हा चेहऱ्यावरचा उजेड बॅटरीवरच्या चांगल्या एलईडीचा किंवा तारेच्या हॅलोजनचा घ्या. तार तापलेली असते, ती झटकन विझत नाही. मंचावरच्या रंग बदलणाऱ्या एलईडी कॅनना (डब्यासारख्या दिव्यांना) मंद केलं की त्या वेगळ्याच गतीने मिणमिणतात आणि शटर बदलूनही पट्टे राहतात. त्या पूर्ण प्रकाशावर ठेवा, उजेड जास्त वाटला तर लांब न्या. शूटच्या आधी प्रत्येक दिव्याकडे मोबाइल रोखून दहा सेकंदांची क्लिप घ्या आणि मोठ्या स्क्रीनवर पाहा. मोबाइलच्या स्क्रीनवर बारीक पट्टे दिसत नाहीत.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनावर व्हिडिओ करायचा आहे. भजन तर सगळ्यांचं आहे, मग परवानगी कशाला? (तिवसा, जि. अमरावती)

भजन सगळ्यांच्या ओठी आहे, पण कायद्याचा हिशेब वेगळा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे शब्दांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षं चालतो. महाराजांचं निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झालं, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत धरायला हवा. चौकशीची सुरुवात महाराजांच्या गुरुकुंज मोझरी इथल्या आश्रमापासून करा आणि परवानगी लेखी घ्या.

एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. संत तुकारामांचे शब्द मोकळे आहेत, पण बाजारात मिळणाऱ्या अभंगाची चाल आणि ध्वनिमुद्रण मोकळं असेलच असं नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. १९६० साली निघालेली तबकडी २०२० अखेर मोकळी झाली, तरी तिच्यातल्या शब्दांचा आणि चालीचा हिशेब वेगळा करावा लागतो. खाली 'श्रेय मूळ कलाकारांना' असं लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. यूट्यूब ते वाक्य वाचत नाही, आवाज ओळखतं.

सोपा मार्ग असा की पारंपरिक गीत गावातल्या मंडळींकडून नव्याने गाऊन घ्या. एका कागदावर गाणं कोणतं, व्हिडिओ कुठे दाखवणार आणि पैसे किती हे लिहून सह्या घ्या. गाणारा अठरा वर्षांखालचा असेल तर आईवडिलांची सही. मानधन त्याच दिवशी द्या.

एक जण पुढे चालत गातोय आणि बाकी गाव उलटं चालतंय, असं एका शॉटमध्ये करता येतं का? (मूल, जि. चंद्रपूर)

येतं, आणि खर्च काहीच नाही, मेहनत भरपूर. गाणारा उलट्या पावली चालत उलटं गातो, बाकी सगळे नेहमीसारखे चालतात, आणि नंतर क्लिप उलटी फिरवायची. कोल्डप्ले या बँडच्या २००२ च्या 'द सायंटिस्ट' या गाण्याच्या व्हिडिओत ही युक्ती आहे. त्यासाठी गायकाला उलटं गायला शिकायला महिनाभर लागला.

अक्षरं उलटी करून पाठ करू नका. ध्वनी उलटे होतात, अक्षरं नाही. 'माती' चं उलट 'तीमा' नसून 'ईताम' होतं, 'वावर' चं 'रवाव'. ऑडॅसिटीत गाणं 'रिव्हर्स' करा, ६० टक्के वेगाने ऐका आणि जे ऐकू येईल ते जसंच्या तसं देवनागरीत लिहा. त्यावरून दोन-दोन ओळी पाठ करा. प, फ, ब, भ, म या ध्वनींना ओठ मिटतात आणि बघणाऱ्याची नजर तिथेच जाते. कागदावर त्यांना लाल खूण करा, बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं. सेटवर उलटंच गाणं वाजवा.

उलट्या पावली चालताना टाच आधी टेकवायला सांगू नका. सरळ चालताना टाच आधी टेकते आणि बोटं शेवटी उचलतात. म्हणून उलट चालताना बोटं आधी टेकवून टाच शेवटी उचलली, तरच फिरवल्यावर चाल खरी वाटते. रस्त्यावरचे खड्डे आधी बुजवून घ्या आणि गाणाऱ्याच्या मागे, चौकटीबाहेर एक माणूस ठेवा.